कापलेले लव्हाळे

चष्मेवाल्याला पहिला संशय आला तो साडूचा. दुसरं कोण असणार? वसंत लागला की पहाटे दलदलीच्या काठी कॅमेरे लावून बसणारे ते दोघंच. फरक एवढाच, की साडूचे फोटो वर्तमानपत्रात यायचे आणि चष्मेवाला हात हलवत घरी यायचा.

यंदा लाल काड्यांसारख्या पायांच्या शेकाट्यांनी चिखलातल्या उंचवट्यावर घरटं केलं होतं. पुढे दाट लव्हाळे, त्यामुळे काही दिसायचं नाही. शनिवारी दोघं पोचले, तर लव्हाळे बुडापासून साफ कापलेले. मादी अंड्यांवर बसलेली, अगदी समोर.

"छान मोकळं झालंय," साडू म्हणाला.

"आपोआप?"

"तुम्हालाच माहीत."

चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. तरी त्याने पोटभर फोटो काढून घेतले. नंतर मात्र साडूच्या बुटांवरचा चिखल, त्याची फुगलेली पिशवी, सगळंच त्याला खुपू लागलं.

सोमवारी घरटं रिकामं होतं. कावळ्यांनी अंडी फोडली होती. जोडी ओरडत वर घिरट्या घालत होती.

"फोटोपायी त्यांचा आडोसा काढलात तुम्ही," चष्मेवाला म्हणाला.

साडूचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्ही कापलेत. घरचं माणूस म्हणून गप्प बसलो."

'काय साळसूद आहे!' असं मनात म्हणत चष्मेवाला तणतणत घरी आला आणि बायकोसमोर साडूचा उद्धार करू लागला. ती भाजी चिरायची थांबली.

"भाऊजींना नका बोलू. मी कापले."

त्याने खांद्यावरचा कॅमेरा उतरवून ओट्यावर ठेवला.

"दरवर्षी तोंड पाडून येता. म्हटलं, एकदा तरी मनासारखा फोटो मिळू दे. बागेतली कात्री घेऊन गेले शुक्रवारी. कावळ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"किती खूश होतात तुम्ही शनिवारी."

रागवायला त्याला तोंडच उरलं नाही. तो तिला घेऊन तसाच साडूकडे गेला. दारातच सगळं सांगितलं, माफी मागितली. साडूने ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, "फोटो काढताना काहीच नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं होतं."

"मलाही," साडू म्हणाला.

मेव्हणीने आतून खुर्च्या आणून मांडल्या. बराच वेळ कोणीच बसलं नाही.