चंदेरी कागदातली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, बरणी म्हटली की तुम्ही आत खाऊ शोधाल. माझ्या पोटात मेलेला उंदीर असतो. नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या.

भट्टीतून निघाले ती मी थेट प्रयोगशाळेत आले. इथली माणसं मेलेल्या उंदराला निरनिराळ्या द्रवांत मुरवतात. आधी त्याच्यातलं पाणी जातं, मग चरबी. शेवटी तो अख्खा काचेसारखा पारदर्शक होतो. नसांना मात्र आधीच चमकणारा रंग दिलेला असतो. मग तुकडे न करताही मेंदूपासून शेपटीपर्यंतची नस न् नस यंत्रात दिसते.

पण हा रंग उजेडात उडतो. म्हणून मला चंदेरी कागदात गुंडाळतात, आणि तिथेच माझं नशीब फुटतं. झाकलेलं दिसलं की माणसांच्या हाताला खाज सुटते!

या खेपेला माझ्यात ताईंचा उंदीर होता. ताई इथल्या संशोधक. त्याच्या पाठीतल्या नसा तुटल्या होत्या, आणि ताईंच्या औषधानंतर तो पुन्हा पाय टाकू लागला होता. नसा खरंच जुळल्या का, एवढंच बघायचं होतं. यंत्र दुपारी मिळणार होतं.

सकाळीच मोठे सर पाहुणे घेऊन आले आणि त्यांनी माझा कागद ओरबाडला.

"सर, नको ना! रंग उडेल," ताई कळवळल्या.

"अगं, दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय? तू जा, यंत्राचं बघ."

"अहो, याच्या आरपार पेपर वाचता येतोय!" एक पाहुणे ओरडले.

"मग! आमची पोरगी जादूगार आहे जादूगार!"

कौतुक करून झालं, आणि सगळे चहाला गेले. मला तशीच उघडी, खिडकीत, भर उन्हात ठेवून. मला तोंड आहे, पण हाक मारता येत नाही. मी नुसती तापत राहिले.

दुपारी यंत्राच्या पडद्यावर पाठीचा कणा पुसट दिसला. जखमेच्या जागी काळोख.

"सर, नसा जुळल्या होत्या की नाही, हे आता कोणाला विचारू?"

"अगं, दुसरा उंदीर घे."

"आणि त्यालाही तशीच जखम करू?"



मित्रांनो, मला कौतुकाचा वीट आलाय. बघायची एवढी हौस असेल तर पडद्यासमोर बसा, ताई हौसेने दाखवतील. आता माझ्यात दुसरा उंदीर येणार. तो अजून शेजारच्या खोलीत, पिंजऱ्यातल्या चाकावर धावतोय. निदान त्याच्याकडे बघून तरी माझ्या कागदाला हात लावू नका.