इथली देवी

"इथली देवी कोनती जी, बाई?"

चर्चच्या पायरीशी उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, तशा सासूबाई सतरंजी झटकता झटकता हसल्या. "देवी नाही इथं, माय. सावली हाय, गार पानी हाय. ये, बस."

मी अंगणापलीकडे, आमच्या खोलीच्या दारात, रांगतं बाळ कडेवर घेऊन उभी होते. सासूबाई, म्हणजे गोजरबाई, चर्चची झाडलोट करायच्या. पण त्यांचं खरं काम माणसं बसवणं. कोर्टाच्या तारखेला, दवाखान्याला खेड्यांतून बुलढाण्यात आलेल्यांनी मोटार सुटेपर्यंत जायचं कुठं? म्हणून दार दिवसभर उघडं, रांजण भरलेला. येणारे देवळासारखी घंटा वाजवूनच आत शिरत. कमिटीचे भगवानराव वैतागत. सासूबाई म्हणत, "वाजवू द्या. कोनी कडी वाजवून घरात आलं तं आपन भांडतो का?"

मला मात्र प्रत्येक पाहुण्याचं भय. कोण खोकतं, कुणाच्या पोराचं नाक वाहतं, मी दुरून पाहत राही. "बी.ए. होऊन हेच शिकली का व, शैला?" त्या चिडवत. "मानसाले भेते!"

त्या बाईच्या कडेवर पदरात गुंडाळलेलं पोर होतं. भर उन्हाळ्यात, इतकं घट्ट.

"कुठची व तू?"

"जानेफळची. कलाबाई. नाक्यावरच उतरवून देलं आमाले मोटारीतून."

"काऊन?"

कलाबाईनं पदर बाजूला केला. "देवी आल्या जी लेकराले. म्हनून इचारलं, इथं कोनती हाय. तिलेबी हात जोडतो."

"आत्या, बाहेर या!" मी किंचाळले. "आधी बाहेर या!" बाळाला देवी टोचायच्या राहिल्या होत्या. सर्दी आहे, दात येताहेत, असं म्हणत मीच पुढं ढकललं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. त्यांच्या स्वतःच्या गालांवर लहानपणच्या देवीचे वण होते. त्यांनी कलाबाईला आत घेतलं आणि दार आतून लावलं. दिवसाउजेडी ते दार लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

खिडकीतून आवाज आला, "उद्धवले धाड, देवी टोचनाऱ्याले आनाले. पयले आपल्या लेकराले टोचा. अन् मी आता तिकडे येत नाही."

हे धावत गेले. टोचणारा आला, बाळाला टोचलं. मग खिडकीशी जाऊन त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही टोचून घेतलंय का?"

"मले देवानंच टोचलं, बापा. पाह्य माह्यं तोंड!"

तो हसला. मला हसू आलं नाही. कुणी आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही, असं बजावून तो गेला.

मी भाकरी पायरीवर ठेवायची आणि मागं पळायची. बाळाला ताप चढला. टोचल्याचा, की त्या दाराआडचा? उजेडात नेऊन मी त्याचं अंग पुन्हा पुन्हा न्याहाळी. डास चावल्याचा ठिपका दिसला तरी बोटानं दाबून पाही. पलीकडे कलाबाईचं पोर सारखं रडायचं. एका सकाळी ते रडणं थांबलं. मला आधी हायसं वाटलं. मग कलाबाईचा हंबरडा ऐकू आला.

आमच्या बाळाच्या दंडावर तेवढा टोचल्याचा फोड धरला. बाकी अंग स्वच्छ राहिलं.

पुढं कलाबाईचा नवरा तिला बैलगाडीतून घेऊन गेला. सतरंज्या जाळल्या, भिंतींना चुना दिला. मोकळीक मिळाली त्या दिवशी सासूबाई विहिरीवर अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून अंगणात आल्या. बाळानं आजीला ओळखलं. दोन्ही हात पसरून ते माझ्या कडेवरून पुढं झेपावलं.

त्या जवळ आल्या आणि थांबल्या.

"घेऊ का व?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मी "घ्या ना" म्हटलं. पण माझी मिठी काही सैल होईना.

त्यांनी ते पाहिलं. पुढं केलेले हात पाठीमागं घेतले. "थांब रे राजा," त्या बाळाला म्हणाल्या, "आंघोय करून येतो."

केसांतून अजून पाणी निथळत होतं. तशाच त्या पुन्हा विहिरीकडे वळल्या.