सगळ्यात नवीन माणूस आधी

आमच्या रंगाई कारखान्यात एक खोली संपूर्ण करडी आहे. भिंती करड्या, टेबल करडं, आत जाताना अंगावर चढवायचे कोटही करडे, दुसऱ्या रंगाने नजर फसू नये म्हणून. मधोमध दिव्यांची पेटी. तिच्यात गिऱ्हाइकाने पसंत केलेला कापडाचा तुकडा आणि आम्ही रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवायचा आणि सांगायचं, जुळतो की नाही. तिघांचं मत झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. आणि सगळ्यात नवीन माणसाने आधी बोलायचं, म्हणजे वरिष्ठांचं ऐकून त्याचं मत फिरत नाही.

नियम चांगला आहे. आमच्या खात्याच्या साहेबांनी त्याचं हत्यार केलं.

नवीन मुलगी वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. साहेबांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही.

"या ढापणीबाई, पाडा उजेड."

"जुळतोय असं वाटतंय, सर."

"वाटतंय!" ते तिच्याच बारीक आवाजात म्हणून दाखवायचे. "तुला वाटतंय की तुझ्या चष्म्याला?"

मामा हसायचे. मामा म्हणजे रंगाच्या टाक्यांवरचे जुने कारागीर, सगळ्या कारखान्याचे मामा; ती, मी आणि मामा, असे आम्ही मत देणारे तिघं. हजेरी लावल्यासारखं हसायचे, तेवढ्यापुरतं. मी हसत नसे. पेटीकडे बघत राहायचे.

मी रसायनशास्त्र शिकले. पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. मी मनाशी ठरवलं होतं, एक दिवस पोरीचं बरोबर निघेल आणि साहेबांचं चुकेल. त्या दिवशी बोलायचं, असं की त्यांना उत्तरच सुचू नये.

पण पोरगी दिवसेंदिवस जास्तच चुकू लागली. आली तेव्हा तिची नजर माझ्यापेक्षा तयार होती. आता ती पेटीत कमी आणि साहेबांच्या तोंडाकडे जास्त बघायची.

"ताई, मला आधी दिसायचं हो," हात धुताना ती एकदा म्हणाली. "आता आत पाऊल टाकलं की सर काय म्हणतील तेच आधी कानात वाजतं. आणि या आठवड्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार. बाबांना तर मी झाले म्हणून सांगूनही टाकलंय."

"लक्ष देऊ नकोस," मी म्हणाले. बोलता बोलताच माझी मला चीड आली.

काल गडद हिरवा माल तयार होता. गाडी फाटकात उभी. साहेबांनी भांडारातल्या दोघांनाही आत बोलावलं.

"या, या. आज आमच्या ढापणीची परीक्षा. पास झाली तर कायम, नाहीतर टाटा."

त्यांनी पेटीत दोन तुकडे ठेवले. ती वाकली. मान इकडे तिकडे करून पाहिलं.

"उजवा... थोडा पिवळट आहे, सर."

साहेबांनी टाळी वाजवली. "अगं, एकाच तुकड्याचे दोन भाग केलेत मी! मधून कापलाय!"

भांडारवाले खो खो हसले. साहेबांनी पुढे होऊन तिच्या नाकावरचा चष्मा ओढला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे करून चाचपडत खोलीभर फिरू लागले. "मामा कुठायत? पेटी कुठाय? अरे, मला कायम करा रे कुणीतरी!"

ती तिथेच उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपला चष्मा कोणत्या दिशेला आहे तेही तिला दिसत नव्हतं.

मी तुकडे पाहिले. एकच होते. ती चुकली होती, साफ चुकली होती. मी जपून ठेवलेल्या त्या दिवसाच्या बरोबर उलटं झालं होतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हणजे ती बरोबर असती, तरच तिच्या तोंडावरचा चष्मा ओढणं वाईट ठरलं असतं? ही अट घातली कुणी? साहेबांनी नव्हे, मी घातली होती.

"चष्मा द्या तिचा."

आवाज इतका खाली गेला होता की कुणाला ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हणाले.

"अरे वा! मौनीबाबा बोलले," साहेब म्हणाले. "तुमच्या मते तुकडे वेगळे आहेत का?"

"नाही. एकच आहेत. ती चुकली."

"मग?"

"मग काय? चुकली. ते कामाचं झालं. चष्मा ओढणं कोणत्या कामात बसतं?"

"गंमत चाललीय हो. इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"ती हसतेय का?"

भांडारवाले हळूच दाराबाहेर सटकले. साहेबांनी चष्मा टेबलावर टाकला. "बरं, नाटक पुरे. गाडी खोळंबलीय. हिला बाहेर पाठवा आणि तुम्ही दोघं बघून घ्या."

"दोघांवर माल जात नाही. आणि रडलेल्या डोळ्यांनी रंग बघायचा नाही, हाही इथलाच नियम. तिचे डोळे निवळेपर्यंत थांबायचं. आधी तीच बोलेल."

"तुम्हाला हे जड जाईल."

"जाऊ दे."

मी हात कोटाच्या खिशात खुपसले. काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

"मामा, तुम्ही तरी सांगा यांना!"

"नियम आहे, साहेब," मामा भिंतीकडे बघून पुटपुटले. इतके दिवस हसून झाल्यावर त्यांना आज नियम आठवला. मला त्यांचाही राग आला.

डोळे निवळल्यावर पोरगी तोंड धुऊन, चष्मा लावून आली. मी गाडीच्या हिरव्या मालाचा तुकडा गिऱ्हाइकाच्या तुकड्याशेजारी पेटीत ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे नको, आत बघ."

ती बराच वेळ वाकून राहिली. "जुळतोय," म्हणाली. नुसतं जुळतोय. मामा म्हणाले, जुळतोय. मला मात्र रागाने धड दिसेना. मी डोळे भिंतीवर टेकवले, शांत होईपर्यंत थांबले आणि मग पाहिलं. जुळत होता.

गाडी गेली. साहेब तरातरा वर मालकांच्या खोलीत गेले. मी पोरीला घेऊन मागोमाग.

"ताई, मी चुकले हे सर सांगणारच."

"तू आधी सांग."

आम्ही आत शिरलो तेव्हा साहेबांनी सुरुवात केलीच होती, "ही मुलगी कामाची नाही, आणि या बाई..."

"थांबा," मी म्हणाले. "सगळ्यात नवीन माणूस आधी."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने चष्मा नीट बसवला.

"आज माझी चूक झाली," ती म्हणाली. आवाज बारीकच होता. "आणि त्यानंतर सरांनी काय केलं, ते सांगते."