सुतभर ढिला

मित्रांनो, माझे बोलणे थोडे बोबडे वाटले तर सांभाळून घ्या. माझ्या तोंडात कुलूप आहे. बोटीच्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असतो ना, तो लोखंडी कपलर मी. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो. तो गिळायचा आणि घरी परत येईपर्यंत सोडायचा नाही, एवढेच माझे आयुष्य. तुम्हाला हे सोपे वाटत असेल. सव्वीस वर्षे तोंडात गोळा धरून दाखवा, मग बोलू.

कारखान्यात जाड पत्रा दाबून मला घडवले आणि बाहेर पाठवताना डोक्यावर आकडा ठोकला : दोन इंच. म्हणजे मला दोन इंचांचाच गोळा द्यायचा, त्याहून लहान नाही. आम्हा कपलरांची हीच जन्मपत्रिका.

मिनेसोटातल्या ऑर्विल हाउगन या पोस्टमनने मला ट्रेलरसकट विकत घेतले. माणूस मोठा टापटिपीचा. दर वसंतात मला घासूनपुसून हिरवा रंग लावायचा. तळ्याच्या धक्क्यावर लोक म्हणत, "ऑर्विल, अरे हा ट्रेलर आहे की नवरदेव?" मीही फुगून जायचो. पण त्या कौतुकानेच घात केला. रंगावर रंग चढत गेला आणि डोक्यावरचा आकडा पार बुजला. कोणाच्या लक्षातही आले नाही. ऑर्विलची पिकअप आणि मी, दोघे एकमेकांना पाठ होतो, मग आकडा बघतो कोण?

गेल्या वर्षीचा मे महिना. सरकारी बंदी उठून मासेमारी ज्या शनिवारी खुली होते, त्या दिवशी आमच्याकडे घरात कोणी थांबत नाही. आणि नेमकी गुरुवारी ऑर्विलच्या पिकअपने मान टाकली. त्याच्या बायकोचा, मार्लिसचा भाऊ डेल्मार आपली पिकअप घेऊन दारात हजर झाला.

"घेऊन जा."

"छे छे, तुला लागेल ना."

"मला कुठे जायचंय? ने."

"नको रे, आम्ही बघू काहीतरी."

"ऑर्विल, किल्ली धर आता."

"बरं, तू एवढं म्हणतोस तर..."

आमच्याकडे अशीच रीत आहे. दोनदा नको म्हणायचे, तिसऱ्यांदा घ्यायचे. आणि एकदा घेतले की त्या वस्तूला नाव ठेवायचे नाही, जीव गेला तरी.

डेल्मारच्या गाडीचा गोळा माझ्या तोंडात आला आणि मला कळले की हा लहान आहे. फार नाही, एक सूत. अशी आठ सुते झाली की एक इंच होतो. पण माझ्या तोंडात तो गोळा असा खुळखुळू लागला की विचारू नका. आणि जबडा बंद करणारा माझा मेला खटका तसाच वाजला, अगदी नेहमीसारखा! ऑर्विल म्हणाला, "बसला." मी ओरडत होतो, बसला नाही रे बाबा, नीट बघ! पण भरल्या तोंडाने ओरडणार कसा? माझा आकडा रंगाखाली आणि गोळ्याचा आकडा माझ्या तोंडात. खरे काय ते दोन्हीकडून कोंडले गेले होते.

त्यात भर म्हणजे बोटीत पुढे नातींना बसायला जागा हवी, म्हणून बर्फाची पेटी, दोन बॅटऱ्या, नांगर, सगळे मागे रचले होते. मागचे वजन वाढले, नाकावरचे उतरले. दाबून बसायला वजनच नाही, मग माझे नाक सारखे वर उचलू लागले.

आणि आमच्या मागे कोण होते? ऑर्विलची मुलगी जोलीन, आपल्या लहानशा गाडीत, सहा वर्षांच्या दोन जुळ्या मुलींना घेऊन. "बाबा, मला तळ्याकडे वळायचा फाटा कधी सापडत नाही. मी तुझ्या मागेमागेच येते," असे ती म्हणाली होती. मी सुटलो तर बोट कोणाच्या अंगावर जाणार, हे मला पहिल्या वळणालाच समजले.

खड्. खड् खड्. धाड्!

"ऑर्विल, काय वाजतंय?" मार्लिसने विचारले.

"रस्ता. हिवाळ्यात गोठून फुगलाय नुसता."

गळाला लावायच्या गांडुळांसाठी एका दुकानापाशी थांबलो. जोलीन काच खाली करून ओरडली, "बाबा, बोट उड्या मारतेय! मागून बघवत नाही."

"रस्ता आहे गं तो."

"आम्हीही त्याच रस्त्यावरून येतोय ना?"

मार्लिस म्हणाली, "डेल्मारला फोन लावू का?"

"आणि काय सांगू? तुझी गाडी खडखडते म्हणून? त्याने बिचाऱ्याने आपण होऊन दिली!"

ऑर्विल खाली वाकला. माझ्या पोटाखालचे नट त्याने पान्याने दोन आटे आवळले. माझा जबडा आवळला गेला, पण गोळा थोडाच मोठा झाला? आवाज तेवढा कमी झाला. ऑर्विल खूश. मित्रांनो, आवाज दबला म्हणजे दुखणे गेले, असे नसते हो. उलट मला तोच एक आवाज होता, तोही त्याने दाबला. पुढचे अकरा मैल मी नुसता दात आवळून होतो.

नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी रस्ता विटेएवढा वर आला होता. गाडी उडाली, बोटीचे ढुंगण खाली बसले, माझे नाक वर गेले आणि गोळा तोंडातून निसटला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझे तोंड रिकामे होते. मोकळे झाल्याचा आनंद? कसला आनंद! मला भीतीने काही सुचेना.

खाली दोन साखळ्या होत्या. मार्लिसच्या हट्टामुळे त्या नेहमी फुलीसारख्या एकमेकींवरून बांधलेल्या असत. मी त्या झोळीत पडलो, ठिणग्या उडवत फरफटलो, पण डांबरात रुतलो नाही. ट्रेलर आडवातिडवा झाला. मागे ब्रेक किंचाळले. सगळे थांबले, तेव्हा बोटीच्या इंजिनाचे पाते जोलीनच्या काचेपासून हातभर लांब होते आणि काचेमागे दोन्ही मुली हंबरडा फोडत होत्या.

ऑर्विल उतरला. तो धावत मुलींच्या काचेशी गेला.

"बाबा, तुला ऐकू येत नव्हतं?" जोलीनने विचारले.

"येत होतं गं. पहिल्या मैलापासून."

"मग?"

"डेल्मारची गाडी..."

जोलीनने गाडी वळवली. जाताना एवढेच म्हणाली, "मी पुन्हा तुझ्या मागे येणार नाही." ती चिडून ओरडली असती तर बरे झाले असते. पण तिचा आवाज अगदी साधा होता.

मार्लिसने रस्त्यातच किल्लीने माझे डोके खरवडले. रंगाच्या पापुद्र्यांखालून दोनचा आकडा निघाला. मग ती उघड्या गोळ्याकडे वळली, त्याच्यावरचा आकडा वाचला : एक सूत कमी.

संध्याकाळी डेल्मार आला. त्याला सगळे कळले होते. "एका शब्दाने विचारायचंस, ऑर्विल! माझ्या ट्रेलरला हाच लागतो म्हणून लावला होता. दोन इंचांचा गोळा माझ्या सीटखालीच होता. दिवसभर तू त्याच्यावर बसून गाडी चालवलीस."

ऑर्विलने मला शेडमध्ये आणले, तोंडात हे कुलूप घातले आणि दार ओढून घेतले. तेव्हापासून मी इथे आहे. उन्हाळा गेला, तळी गोठली, पुन्हा वितळली. जोलीन आली की अंगणात मुलींचे आवाज येत, पण ऑर्विल बोटीचे नाव काढत नसे. गोळा तोंडात असणे वेगळे, त्याच्याबरोबर निदान रस्ता तरी असतो. कुलूप कुठेच नेत नाही. वर्षभर मला एकच प्रश्न खात होता, की त्या पोरींच्या मनात आता मी कोण असेन?

आज दुपारी मात्र कुलूप निघाले. ऑर्विलने माझ्या डोक्यावरचा सगळा रंग काढला आणि आकड्यात पांढरा रंग भरला. त्याची दुरुस्त झालेली पिकअप दारात होती, तिचा गोळा तोच, माझा जुना सोबती. मार्लिसने न्हाणीघरातला वजनकाटा आणून माझ्या नाकाखाली ठेवला. आधी काटा जेमतेम साठ पौंड दाखवत होता. बॅटऱ्या आणि पेटी पुढे सरकवल्यावर तो एकशे नव्वदवर गेला.

"आता बरोबर. बोट-ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा नाकावर हवा," मार्लिस म्हणाली. "ऑर्विल, अगदी तुझ्याएवढं आहे बघ."

"माझं एकशे ऐंशी आहे."

"हो का? काट्यावर उभा राहा."

मग मला गोळ्यावर बसवले, खटका लावला आणि ऑर्विलने ट्रेलरचा जॅक फिरवून मला वर उचलले. माझ्याबरोबर पिकअपचा मागचा भागही उचलला गेला. मी सोडले नाही. गोळा मापाचा असला की असे होते.

जोलीन कधी येऊन उभी राहिली होती, कोणास ठाऊक. ती वाकली, माझ्या डोक्यावरचा आकडा बोटाने चाचपला.

"उद्या तू पुढे जा," ऑर्विल म्हणाला. "मी मागून येतो."

"फाटा मला सापडत नाही, बाबा. आवाज आला तर काय करशील?"

"थांबेन. गाडी कोणाचीही असो."

ती मुलींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मी मागेच येते."

चोरांच्या भीतीने रात्रीपुरते कुलूप पुन्हा तोंडात आले आहे. उद्या शनिवार. मित्रांनो, तुमच्या घरीही काही खडखडत असेल, एखादी वस्तू किंवा एखादे माणूस. रस्त्याला दोष देऊ नका आणि नुसता आवाज दाबू नका. उतरा, वाका, विचारा. उद्या माझ्या मागे त्या दोघी आहेत. मी धरून ठेवीन. पण वाजलो, तर थांबा.