तीन मिनिटांची वाळू

मी वाळूचं घड्याळ बोलतोय. थोडक्यातच बोलेन, माझ्या पोटात वाळू आहेच मुळी तीन मिनिटांची.

माझा जन्म इंडोनेशियातल्या सेमारांग शहरात, एका काचेच्या कारखान्यात झाला, अंडी उकडताना वेळ मोजण्यासाठी. पण इबू हेस्तींनी, म्हणजे आमच्या हेस्तीबाईंनी, मला स्वयंपाकघराचं तोंडही पाहू दिलं नाही. विद्यापीठात हवामानबदलावर संशोधन करणाऱ्या मुलामुलींना त्या चारचौघांत बोलायला शिकवतात. वर्गातल्या टेबलावर मला उभं करून त्यांनी बजावलं, "वाळू संपली की तोंड बंद. अर्ध्या वाक्यात असलात तरी!"

मुलं हुशार, पण बोलायला उभी राहिली की आधी मानपान. "परम आदरणीय अमुक, आदरणीय तमुक..." माझी दोन मिनिटं नावांतच गळून जायची. उरलेल्या मिनिटात आलेख, टक्केवारी आणि "कदाचित".

"समुद्र काय तुमची ओळखपरेड संपायची वाट बघतोय का रे?" इबू कडाडायच्या.

सगळ्यांत जास्त अडखळायची विनार्ती. तिचं तंबाकसारी गाव किनाऱ्यावरचं. समुद्र चढतोय, खालची जमीन खचतेय. वडिलांनी भर घालून घालून घरातली जमीन तीनदा उंच केली. आता दारातून वाकूनच आत जावं लागतं. "रस्ता उंच करून गाव वाचणार नाही, आम्हाला वरच्या अंगाला जागा द्या," एवढंच तिला सांगायचं होतं. तिथेच तिचा आवाज बसायचा. कारण रस्ता उंच करून मागितला होता गावप्रमुखानं, आणि गावप्रमुख म्हणजे तिचे सख्खे काका, सुगियार्तो.

जिल्हा कचेरीत सुनावणी लागली. रस्ता की नवी जागा, त्याच दिवशी ठरणार होतं. इबूंनी मला पिशवीतून नेऊन अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी मला उलटं केलं नि वाळू सुटली.

"परम आदरणीय अध्यक्ष महोदय..." विनार्तीनं सुरुवात केली. एक नाव, दुसरं, पाचवं. इबूंनी कपाळावर हात मारला. अर्धी वाळू गेली, आणि मला थांबता येत नव्हतं!

विनार्तीची नजर माझ्यावर पडली. पुढचं नाव घेता घेता ती थांबली.

"अगं, काकाचं नाव राहिलं की!" पहिल्या रांगेतून सुगियार्तो म्हणाले. सभागृह हसलं.

"काका, तुमचं नाव घेत बसले, तर गावाचं राहून जाईल."

हसू विरलं. मग ती बोलली. आलेख नाही, कदाचित नाही. वाकायला लावणारं दार, शाळेतलं गुडघाभर पाणी. "रस्ता उंच होईल, घरं खालीच राहतील. गाव वाचणार नाही."

चिमूटभर वाळू उरली होती. काका ताडकन उठले, टेबलापाशी आले, मला उचललं. आता फुटतो, असं मला वाटलं. त्यांनी मला आडवं ठेवलं. वाळू जागच्या जागी थांबली.

"आणि माझ्या बापाची कबर? ती कुठे नेशील?"

हा प्रश्न कुठल्याच सरावात नव्हता.

"ती गेल्या वर्षीच पाण्याखाली गेली, काका," विनार्तीचा आवाज कापत होता, पण बसला नाही. "तुम्ही होडीतून फुलं टाकून येता. मी पाहिलंय."

काका अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "रस्त्याच्या अर्जावरची माझी सही खोडा."

नव्या जागेची मोजणी अजून चालू आहे. सरकारी कामाला वाळूचं घड्याळ लावता येत नाही. मी पुन्हा वर्गात आहे, नव्या मुलांची बोबडी वळताना बघतोय.

मोठ्या माणसांनो, एकच विनवणी आहे. पोरगी बोलायला उभी राहिली, की तिच्याकडून मानपान वसूल करू नका. तिच्यापाशी वेळ थोडा असतो, आणि तुमच्यापाशी त्याहून थोडा.