पोरी नेण्याची वही

“दोनशे चौदा पोरीस्ले मेल धाडी, आप्पा, अन् जवाब किती? तीन!” मुख्याध्यापिका चेतना मॅडमनी तीन बोटं रूपचंदच्या नाकासमोर धरली.

“त्यामाबी एक साड्यास्नी जाहिरात शे,” रूपचंद म्हणाला. खरं बोलण्याची खोड त्याला लहानपणापासून होती आणि त्यापायी त्याने आयुष्यात बरंच ऐकून घेतलं होतं.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. शुक्रवारपर्यंत शाळेच्या पन्नास जुन्या पोरींचा होकार आला नाही, तर मेळावा रद्द, असं संस्थेच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं. मग स्टाफरूममध्ये चहा-बिस्किटं, एक नारळ, एक शाल, आणि रूपचंद आप्पा घरी. आज होता मंगळवार.

रनाळे रस्त्यावरच्या या निवासी कन्याशाळेत रूपचंद तेहतीस वर्षं लिपिक होता. यंदा अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नेमकी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आली होती आणि तोच त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. मेळाव्याची कल्पना त्याचीच. अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतातच. तशाच एका दुपारपुरत्या शाळेच्या माहेरीही याव्यात, निंबाच्या झाडाला झोके बांधू, आमरस-मांडे करू, एवढाच बेत होता.

पोरींचे फोन नंबर शोधण्यात अर्थ नव्हता. लग्नानंतर पोरीचं सिमकार्ड बदलतं, आडनाव बदलतं, कधी कधी नावही बदलतं. पण संगणकाचे हेमकांत सर दहावीतल्या प्रत्येक पोरीला हाताला धरून ईमेल उघडून देत. तो पत्ता तेवढा माहेरचा राहिला होता. सर दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेले. त्यांची पत्त्यांची वही रूपचंदच्या कपाटात होती.

“इसरी ग्यात वाटतं,” रूपचंद म्हणाला. तोंडावर हसू होतं, पण आतून त्याला फार लागलं होतं. साडेतीन हजार दाखले त्याने आपल्या हाताने लिहिले होते. दोघींपलीकडे कोणाला ती शाई आठवू नये?

दुपारी त्याचा फोन वाजला.

“आप्पा, मी रिना. मोलगी गावची.”

रूपचंद खुर्चीतून उठून उभाच राहिला. “कोन रिना? रेवजीनी पोर?”

“तीच. आता पुण्याला एका कंपनीत असते, मेलचंच काम करते. तुमचं निमंत्रण मला कचऱ्यात सापडलं.”

“कचरामा?”

“म्हणजे स्पॅममध्ये. बाकीच्यांचंही तिथंच पडलं असणार. मी कामापुरती रोज तो डबा चाळते म्हणून दिसलं. आप्पा, तुमच्या शाळेच्या नावाने मेल पाठवायला कोणाला परवानगी आहे, हे तुम्ही कुठे लिहूनच ठेवलेलं नाही नीट.”

“मी पाठाडी ना! मालेच परवानगी पाह्यजे का?”

रिना हसली. “वसतिगृहाच्या फाटकावर तुमची ती वही होती, आठवते?”

न आठवायला काय झालं! ‘पोरी नेण्याची वही’ असं नाव त्यानेच तिच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. दर पोरीला एक पान. तिला घरी न्यायला कोण येऊ शकतो, त्याचं नाव, नातं, सही किंवा अंगठा, आणि पोर परत कधी येणार. ज्याचं नाव वहीत नाही, त्याच्या हाती पोर द्यायची नाही, मग तो मोटारीतून येवो नाहीतर घोड्यावरून. तेहतीस वर्षांत एक पोर चुकीच्या माणसाबरोबर गेली नव्हती. गावात त्याला लोक मागून ‘फाटक’ म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं.

“तसंच आहे हे,” रिना म्हणाली. “तुमची मेल गूगलच्या फाटकावर जाते. फाटकावरचा माणूस शाळेचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरची शाळेची नोंद, उघडून बघतो, ही मेल जिथून आली त्याचं नाव यादीत आहे का? नाही. मग तो तिला आत सोडत नाही. तुम्ही माझ्या मामाला सोडलं नव्हतं ना, तसं.”

रूपचंद पुन्हा खुर्चीत बसला.

रिना आठवीत होती तेव्हाची गोष्ट. काठी गावच्या होळीला तिला न्यायला जालमसिंग मामा आला होता. अर्धी वाट चालत, अर्धी जीपने. वहीत नाव फक्त बापाचं, आणि बाप ऊसतोडीला गेलेला. रूपचंदने नाही म्हटलं. मामा दिवसभर निंबाखाली बसला, संध्याकाळी शेंगांची पिशवी फाटकाला अडकवून निघून गेला. रात्रभर पायात घुंगरू बांधून नाचायची होळी पोरीने वसतिगृहाच्या खिडकीत बसून काढली. पुढच्या आठवड्यात बापाकडून कळलं, मामा सख्खा होता. पंधरा वर्षं ती पिशवी रूपचंदच्या मनाला अडकून राहिली होती.

“पोरी, ते मन्हं चुकनं,” तो म्हणाला.

“नियम चुकला नव्हता, आप्पा. फक्त यादी करताना मला विचारायला हवं होतं, तुला न्यायला कोण कोण येतं म्हणून.” मग तिने आवाज मोकळा केला. “चला, तीच चूक परत नको. शाळेची मेल कुठून कुठून निघते, ते आधी सगळ्यांना विचारा.”

रूपचंद वही घेऊन शाळाभर फिरला. कार्यालयातली मेल नव्या कंपनीच्या सर्व्हरवरून जाई. निकालाचे कागद दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमधून जात, हे परीक्षा विभागाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. दोन्ही नावं त्याने टिपली. हेमकांत सरांच्या डायरीत डोमेनच्या खात्याचा पासवर्ड होता. बुधवारी सकाळी तो एका बोटाने टाइप करायला बसला, आणि फोनवर रिना एकेक अक्षर सांगू लागली.

“व्ही, बरोबरचं चिन्ह, एसपीएफ, एक...”

“हळू सांग माय, हाई बोट काई घोडा नही.”

ती झाली यादी. मग सही. प्रत्येक मेलवर शाळेचा शिक्का उठावा म्हणून दोन-अडीचशे अक्षरांचा एक गडबडगुंडा चिकटवायचा होता. शिक्का म्हटल्यावर रूपचंदला हुरूप आला. त्याने ती अक्षरं चिकटवून पुन्हा तीनदा मोजली.

“आता शेवटची ओळ, डीमार्क,” रिना म्हणाली. “यादीत नसलेला कोणी शाळेचं नाव सांगत आला, तर फाटकावरच्याने काय करायचं?”

“परत धाडी द्यायनं! आखो काय?” रूपचंद उसळून म्हणाला.

“नको, आप्पा. सुरुवातीला फक्त कळव म्हणून सांगू. कोण आलं होतं ते आधी बघू. आपलंच कोणी यादीत राहून गेलेलं असतं.”

रूपचंदचं बोट कीबोर्डवर थांबलं. “हां,” तो हळूच म्हणाला. “आपलंच राहस.” आणि तिने सांगितलं तसं त्याने लिहिलं.

दोन तासांनी त्याने रिनाला मेल पाठवून पाहिली. ती पुन्हा कचऱ्यातच गेली. चेतना मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. “आप्पा, जाऊ द्या. मी अध्यक्षांना सांगते, चहाच करू.”

“शुक्रवार कोठे उगना आखो?” रूपचंद म्हणाला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते.

रिनाने तिकडून तपासलं आणि ओरडली, “आप्पा, एसपीएफच्या दोन ओळी कशा काय?”

“एक सरनी, जुनी. तिन्हा खाले मन्ही, नवी.”

“जुनी काढली नाहीत?”

“काढू कशी? रजिस्टरमा खाडाखोड चालस नही. चुकनं ते खाले नवी नोंद करो, बाजूले सही करो. तेहतीस वरीस मी हाईच करेल शे.”

ही चूक कोणा उनाड माणसाकडून झालीच नसती. तिला रूपचंदसारखा सरळ लिपिकच लागतो. रिना बराच वेळ हसत होती. मग तिने समजावलं की इथे एका घराची यादी एकच. दोन दिसल्या, की फाटकावरचा माणूस दोन्ही खोट्या धरतो. सरांच्या ओळीत जुन्या कंपनीचं नाव होतं, तिथून आता काहीच येत-जात नव्हतं. ती पुसायलाच हवी होती.

रूपचंद पडद्याकडे बघत बसला. हेमकांत सरांचं शाळेत आता काय उरलं होतं? भिंतीवरचा फोटो, डायरी, आणि ही एक ओळ. ती त्यांनी टाइप केली तेव्हा रूपचंद शेजारीच चहा घेऊन उभा होता. “आप्पा, आपली शाळा आता जगाच्या नकाशावर,” असं सर म्हणाले होते, आणि बशीतला चहा कीबोर्डवर सांडला होता. त्याला सरांची फार आठवण आली.

“आप्पा, आहात ना?”

“शे, शे. थांब जराशी.”

त्याने जावक रजिस्टर उघडलं. तारीख टाकली, क्रमांक टाकला, आणि सरांची ओळ टिंबासकट, अक्षरासकट शाईने उतरवून घेतली. पुढे लिहिलं, ‘सदर ओळ कै. हेमकांत सर यांनी केली होती. कामास आली. आज काढली.’ सही केली. मगच जन्मात पहिल्यांदा त्याने कोणाची तरी नोंद पुसली.

तासाभराने रिनाचा फोन आला. “आप्पा, पोचली! पुढच्या दारातून, ताठ मानेने!”

दोनशे चौदा निमंत्रणं पुन्हा निघाली. यावेळी त्याने खाली एक ओळ वाढवली, ‘मागची मेल आमच्या चुकीमुळे आली नसेल, तुमचा दोष नाही. लि. आप्पा, फाटक.’ सहा वाजेपर्यंत एकोणीस उत्तरं आली. गुरुवारी दुपारी सत्तावन्न. ‘आप्पा तुम्ही अजून आहात??’ असं एकीने लिहिलं होतं. तो प्रश्न त्याने चेतना मॅडमना चार वेळा वाचून दाखवला. शेवटी मॅडम म्हणाल्या, “पुरं व्हयनं आते, आप्पा. कळनं माले, तुम्ही शेत!”

अखाजीच्या दिवशी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. निंबाला सहा झोके, आणि झोक्यावर दोन दोन पोरांच्या आया. गाणी अशी चालली होती की अध्यक्षांचं भाषण अध्यक्षांनाच ऐकू गेलं. रूपचंद कडक इस्त्रीच्या सदऱ्यात फाटकाशी टेबल मांडून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकीला दाखल्यातल्या नावाने ओळखत होता. समोर पोरी नेण्याच्या जुन्या वह्यांची चळत. पोरी आपापलं पान काढून बापाचा अंगठा बघत, कोणी हसत, कोणी डोळे पुसत.

चारच्या सुमारास रिना आली. पुण्याहून थेट नाही, मोलगीहून. बरोबर पांढरा फेटा बांधलेला म्हातारा होता. तो फाटकाच्या बाहेरच थांबला.

“मामा, या ना आत,” रिना म्हणाली.

“वहीत नाव नाही,” म्हातारा गंभीरपणे म्हणाला. त्याच्या मिशा मात्र हलत होत्या.

रूपचंदने चष्मा पुसला. चळतीतून ती वही काढली, रिनाचं पान उघडलं. रेवजीच्या अंगठ्याखाली पंधरा वर्षं कोरी राहिलेली जागा होती. त्याने तिथे सावकाश लिहिलं. नाव, जालमसिंग. नातं, सख्खा मामा. न्यायला हरकत नाही. जालमसिंगने शाईचा अंगठा उठवला.

“परत कधी येणार, तो रकाना राहिला,” रिनाने बोट ठेवून दाखवलं.

“काय लिखू?”

“पुढची अखाजी लिहा.”

रूपचंदने ते लिहिलं आणि खाली सही केली. लिपिकाचा शिक्का पाच वाजता जमा करायचा होता. अजून चाळीस मिनिटं होती. त्याने तो पॅडवर दोनदा दाबला, सहीच्या शेजारी नीट सरळ उठवला आणि उठून फाटकाची दोन्ही दारं उघडली.