भट्टीत फुटलेला केक

दर शनिवारी सकाळी मी नवशिक्यांना मातीकाम शिकवते. चाक नाही, नुसते हात. आणि शिकवते ते खाण्याच्या वस्तूंमधून, कारण "आज भांडं करू" म्हटलं की माणसं घाबरतात आणि "आज सँडविच करू" म्हटलं की हसतात. गोळ्यात अंगठा खुपसून दाबत नेलं की अर्धं संत्रं होतं. माती लाटली की ब्रेडची स्लाइस. वळ्या वळल्या की नूडल्स. हसता हसता हात तयार होतो. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला मात्र हा पोरखेळ वाटतो. वर्कशॉप बाबांच्या मागे आमचं दोघांचं, पण भट्टी दादा सांभाळतो आणि रुबाबही त्याचाच.

या बॅचमध्ये पाच जण होते. त्यातल्या एक मावशी कुठल्याशा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, तीस वर्षं मी जे केलं ते लोकांनी दुपारपर्यंत फस्त केलं. एकदा तरी माझ्या हातचं काही उरू दे."

त्यांनी केक करायला घेतला. तीन थरांचा, वर चेरी, आणि वरचा थर उचलला की आत डबा. चार शनिवार त्या त्यावर राबल्या. दोन तुकडे सांधताना आधी ओरखडे काढायचे, पातळ माती लावायची, मग दाबायचं, हे इतरांनाही दटावून सांगायच्या.

केकच्या भिंती जाड होत्या. जाड माती वाळायला वेळ लागतो. आत ओल असताना भट्टीत घातली तर त्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू आतून फुटते. हे बाबांनी आम्हा दोघांना शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. गालाला लावून बघायचं, गार लागलं की ओलं. सगळ्यांच्या वस्तू वाळत ठेवलेल्या फळीवर मी चिठ्ठी चिकटवली, "ओलं आहे. मी सांगेपर्यंत भट्टीत घालू नये."

पुढच्या शनिवारी माझी बस चुकली, दहा मिनिटं उशीर झाला. दारातूनच दादाचा आवाज आला. एकदम गोड, समजूतदार.

"नवशिक्यांचं होतं असं. मातीत हवा राहिली की फुटतं. माझ्या बहिणीने सांगितलं नाही का नीट मळायला?"

टेबलावरच्या ट्रेमध्ये नुसत्या ठिकऱ्या होत्या. संत्री, सँडविच, सगळं. केकचा तळाचा थर तेवढा ओळखू येत होता. मावशी वाकून ठिकऱ्यांमध्ये चेरी शोधत होत्या.

"माझ्याच हाताचा दोष," त्या म्हणाल्या. "घाई केली असेल मी मळताना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, फळीवरची चिठ्ठी वाचली होतीस?"

"कसली चिठ्ठी? तू आत ये आधी, आपण नंतर बोलू."

भट्टीशेजारच्या खिळ्याला तो दर वेळी तापमानाचा कागद अडकवतो. मी तो ओढून काढला. एका बाजूला त्याचं अक्षर, किती वाजता किती तापली. दोन तासांतच तीनशे अंशांच्या पुढे नेली होती. कागद उलटवला तर माझीच चिठ्ठी, "ओलं आहे." मी दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवल्या.

"नव्या बॅचच्या जाहिरातीला फोटो हवे होते," तो पुटपुटला. "मला वाटलं, वाळलं असेल."

"गालाला लावून बघितलंस?"

"सगळ्यांसमोर नको ना आता."

"सगळ्यांसमोरच! हवेने नाही फुटलं हे. तू ओलं भाजलंस म्हणून फुटलं. आणि वर यांच्या माथी मारतोस?"

मावशी सरळ उभ्या राहिल्या. "म्हणजे मी इतका वेळ मान खाली घालून ऐकत होते ते फुकटच? अहो, भाजी करपली तर मी गिऱ्हाइकाला सांगत नाही की तुम्हाला भूक लागली ही तुमची चूक!"

कोणीतरी फिसकन हसलं. दादा मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "सॉरी."

"तो मोबाइल ठेवा आणि माझ्याकडे बघून म्हणा," मावशी म्हणाल्या.

त्याने म्हटलं. कान लालबुंद झाले होते. माझं समाधान झालं नाही. मी हात पुढे केला. "भट्टीची किल्ली."

"तुला जमणार आहे?"

"बाबांनी दोघांना शिकवलंय."

किल्ली टेबलावर आपटून तो गेला. मी नवी माती काढली आणि रागारागाने लाटायला लागले. मावशींनी माझ्या हातून लाटणं काढून घेतलं. "द्या इकडे. रागात लाटलं की एका बाजूने पातळ होतं."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "झालं गेलं सोडून दे गं. मोठा भाऊ आहे."

"मोठा आहे म्हणूनच सोडत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन महिन्यांनी मी स्वतः भट्टी लावली, दिवसभर हळूहळू तापवत नेली. मावशींचा दुसरा केक अख्खा निघाला. त्यांनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरला, तेवढ्यात दादा दारात आला.

"वरचा थर जरा कललाय," तो म्हणाला.

त्याला बाजूला सरकायला लावून मावशी केक घेऊन बाहेर पडल्या, आणि मी भट्टी झाडायला घेतली.